उजव्या पायाची नवी वाटी

डॉक्टर ‘गुडघा’ म्हणाले होते. आमच्या वस्तीने त्याची ‘वाटी’ केली.

तसं पाहिलं तर चूक कुणाचीच नाही. गुडघ्यावरच्या त्या गोल, हलणाऱ्या हाडाला मराठीत वाटीच म्हणतात. पण आईचं ऑपरेशन ठरल्याची बातमी सकाळी सार्वजनिक नळावर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिचं एकच रूप उरलं: ‘हिची वाटी बदलून राहिले. स्टीलची टाकून राहिले.’ दुसऱ्या दिवशी एक बाई आमच्या दारात उभी राहून विचारत होती, “जुनी वाटी वापस देतेत का वं? का थे ठेवून घेतेत?”

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. असं ऑपरेशन नागपुरात होतं, यावर निम्म्या वस्तीचा विश्वास नव्हता. मुंबईचे एक मोठे सर्जन अधूनमधून येत, एका खासगी दवाखान्यात चारसहा लोकांचे सांधे उघडत आणि परत जात. माझा थोरला भाऊ आखातात वेल्डर होता. खर्च त्याने उचलला आणि फोनवर ओरडून एवढंच सांगितलं, “बाबा, माल चांगल्यातला पाहून घ्या!” बाबांनी तितक्याच जोरात “हो” म्हटलं. माल पाहायचा कसा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आईचे गुडघे गेली कित्येक वर्षं कुरकुरत होते, पण उजवा आता बोलेनासाच झाला होता. विहारात सगळ्या बाया चटईवर बसत आणि वंदनेला आई मागे भिंतीला टेकून उभी राहायची, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. एसटीची पहिली पायरी तिला चढवत नसे. उमरेडला तिचं माहेर. तिथे जायचं म्हणजे बाबा खालून ढकलायचे, कंडक्टर वरून ओढायचा आणि आई मध्ये लोंबकळत दोघांना शिव्या द्यायची. त्या पायरीवरच एकदा ती म्हणाली, “आता कापा हा पाय, नाईतं बदला.” दुसरा पर्याय आहे हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आता माझ्याबद्दल. मी कॉलेजात होते, पण शिकत होते पत्रकं लिहायला. आमचं तरुणांचं एक मंडळ होतं. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. बसथांब्याला छप्पर नाही, काढा पत्रक. पत्रकाचं शिक्षण एक गोष्ट पक्की शिकवतं: समोर जे चाललंय ते आपोआप चाललेलं नसतं, कुणीतरी ते चालवत असतं, आणि त्याला जाब विचारता येतो. दवाखान्यात पाऊल टाकल्यापासून मला जाब विचारण्यासारखं इतकं दिसायला लागलं की कुठून सुरुवात करू ते कळेना.

सुरुवात त्यांनीच करून दिली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनसाहेब आपल्या ज्युनियर डॉक्टरांचा तांडा घेऊन आईच्या खाटेशी आले. ज्युनियरने कागद पाहिला आणि म्हणाला, “सर, राइट नी.”

आई वाट पाहत राहिली. तांडा पुढच्या खाटेकडे वळायला लागला तशी तिने हाक मारली, “ओ डॉक्टर, नी काय गा?”

“काय?”

“तुमी म्हटलं ना, राइट नी... नी काय? पुढचं सांगतलंच नाई.”

तांडा हसला. ‘नी’ म्हणजे इंग्रजीत गुडघा, हे सांगायची तसदी कुणी घेतली नाही. तिला मी सांगितलं. ती म्हणाली, “असं व्हय. मले वाटलं, राइट नी लेफ्ट, दोन्ही करतेत का काय एकातच.” तिला गंमत वाटली. मला नाही. हाडामांसाची बाई समोर निजली आहे, तिला नाव आहे, तोंड आहे, आणि हे लोक तिच्या गुडघ्याशी बोलून परत जातात. मी त्याच रात्री पत्रकाला मथळा दिला: ‘रुग्ण म्हणजे अवयव नव्हे!’

ऑपरेशन नीट झालं. घोटाळा झाला तो गुंगीतून बाहेर येताना. आई अर्धवट शुद्धीत होती आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात आमच्या मेलेल्या आजीशी, म्हणजे तिच्या सासूशी, भांडत होती. “तुमच्या वरणाले चव नसते, सांगून देते! अन् मी पानी टाकलं म्हणून सांगता!” अख्ख्या संसारात सासूसमोर तिने मान वर केली नव्हती. बाबा खाटेच्या कडेला बसून खूश होऊन ऐकत होते. ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं, सासूच्या भागासकट. आईने पदर तोंडावर ओढला. “पुन्हा मले गुंगी देऊ देजा नका,” ती म्हणाली. “अजून काय काय निंगन पोटातून, कोन जाने.”

हे ती हसत म्हणाली, पण तिला ते लागलं होतं. आणि नेमकं तेच पुढे वाढून ठेवलेलं होतं.

मुंबईला परत जाण्याआधी सर्जनसाहेब पुन्हा येऊन गेले. मला आणि बाबांना व्हरांड्यात घेऊन म्हणाले की, हा गुडघा आता व्यायामाने वाकवायचा आहे. पुढच्या खेपेला मी येईन तोवर तो काटकोनात वाकला पाहिजे. नाही वाकला तर पुन्हा गुंगी देऊन आम्हाला जोर लावून वाकवावा लागेल. आणि ते न जमल्यास पाय काठीसारखा सरळच राहील. हे सगळं आम्हाला. ज्या बाईचा पाय, ती दाराच्या आत पाच पावलांवर निजलेली. मी म्हटलं, “हे तिला सांगा ना.” ते म्हणाले, “तुम्ही समजावून सांगा,” आणि गेले.

समजावून सांगायला दवाखान्याने एक तरुण गडी नेमला होता. व्यायाम करवून घेणं हे त्याचं काम. वॉर्डातल्या बाया त्याला ‘मोडनेवाला’ म्हणायच्या. तो दारात दिसला की ज्यांची जीभ कालपासून टाळ्याला चिकटली होती त्यांनाही कंठ फुटायचा. बिचारा गोड बोलायचा.

“मावशी, थोडंसं वाकवा. थोडंसंच.”

“वाकवते ना बापा. हे पाह्य.”

“मावशी, हा डावा आहे.”

“मंग? थोबी माहाच आहे.”

बाबा आयुष्यभर सुतारकाम केलेले. काटकोन हा शब्द कानावर पडला तसे ते दुसऱ्या दिवशी पिशवीतून आपला गुण्या घेऊन आले. दाराची चौकट सरळ लागली का ते ज्याने तपासतात तो लाकडी-लोखंडी कोपरा. रोज सकाळी चहा झाला की ते चादर बाजूला सारून आईच्या गुडघ्याखाली गुण्या धरायचे, एक डोळा मिटायचे आणि निकाल द्यायचे, “फट आहे.” फट म्हणजे काय, त्यातून हत्ती गेला असता. आईचा पाय गादीवर फळीसारखा पडलेला असायचा.

“दुखतो का?” मी विचारायचे.

“दुखते. पन तसं नाई.”

“मग भीती वाटते?”

“कायची भीती?”

“मग वाकवत का नाहीस?”

“वाकवीन ना वं. टाइम आला का वाकवीन.”

चालायला उभं केलं तरी तीच तऱ्हा. हातात आधाराची लोखंडी चौकट देऊन मी आणि नर्सने धरून उठवलं, की सगळा भार डाव्या, दुखऱ्या, झिजलेल्या पायावर. उजवा नवाकोरा पाय ती जमिनीला नुसता टेकवायची, ओल्या फरशीवरून जाताना टेकवतात तसा. मोडनेवाला कळवळून सांगायचा, “मावशी, नव्यावर भार द्या, नव्यावर!” आई म्हणायची, “देईन, देईन. त्याची काय घाई आहे.”

मी मात्र निष्कर्ष काढून मोकळी झाले होते. ऑपरेशन बिघडलं आहे. हे लपवताहेत. आई सोसते आहे आणि आम्हाला कळू नये म्हणून हसते आहे. मी पत्रकात एक परिच्छेद वाढवला आणि बाबांना वाचायला दिला. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “एका पानात चार धिक्कार? एखादा दुसऱ्या दवाखान्यासाठी ठेव ना.”

अशातच आमच्या शेजारच्या काकू भेटायला आल्या. काकूंना स्टीलच्या भांड्यातलं कळतं, अशी त्यांची वस्तीत ख्याती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई आली की आधी काकूंना बोलवायचं, मग सौदा. काकू पदराच्या गाठीत चुंबक बाळगायच्या. चुंबक चिकटलं की माल हलका, नाही चिकटलं की अस्सल. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, नर्स दिसत नाही याची खात्री केली आणि पट्टीवरूनच चुंबक आईच्या गुडघ्यावर ठेवलं. सगळा वॉर्ड श्वास रोखून पाहत होता. चुंबक घरंगळून गादीवर पडलं.

“अस्सल आहे!” काकूंनी जाहीर केलं. “जाड गेजच्या पत्र्याचं दिसते. तुह्या पोरानं नाव राखलं वं.”

“नाव टाकलं का त्याच्यावर?” पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीने विचारलं. तिचा खुबा मोडला होता. आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव कोरून घेतात, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता.

“मी बेहोश होती ना बाई,” आई म्हणाली. “नाईतं टाकून घेतलं असतं.”

मी खिडकीशी पत्रक दुरुस्त करत बसले होते. काकूंनी आवाज खाली आणला, पण त्यांचा खाली आणलेला आवाजही नळावरून ऐकू यायचा.

“काहून नाई वाकवत वं? लय दुखते का?”

“दुखन्याचं काय. दोन लेकरं काढली. पन खराब होईन ना.”

“काय खराब होईन?”

“अवं, नवी वाटी आहे. आत्तापासून वापराले काढली तं कितीक दिवस टिकन? डावा आहे अजून, जुना आहे, त्याच्यावर चालवून घेते. उमरेडले भाचीचं लग्न आहे. तवा काढीन.”

“बराबर आहे,” काकू म्हणाल्या.

माझ्या हातातला पेन खाली पडला.

आमच्या घरात एक फळी होती. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यावर स्टीलची भांडी उभी: ताटं, गंज-पातेली, वाट्या, डबे, एकात एक नाही, एकाशेजारी एक, येणाऱ्याला दिसतील अशी. ती घासली जायची, पुसली जायची, उन्हात ठेवली जायची. वापरली जायची नाहीत. आम्ही जेवायचो जर्मनच्या ताटात, म्हणजे ज्याला शाळेच्या पुस्तकात ॲल्युमिनियम म्हणतात त्यात. स्टील पाहुण्यांसाठी, लग्नकार्यासाठी. रोज वापरलं तर चरे पडतात, पोचा येतो. हे आईने मला शिकवलं नव्हतं. ते मला भुकेसारखं आतूनच ठाऊक होतं. तरीही, माणूस स्वतःचा पाय फळीवर ठेवील, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी उठून गेले. “आई, ही वाटी ठेवायची नसते! वापरायची असते!”

“तुले काय समजते? तू तं स्टीलच्या डब्यात खिळे ठेवते.”

“अगं, वाकवला नाहीस तर तसाच राहील. पुन्हा गुंगी देतील तुला. जोर लावून वाकवतील.”

गुंगीचं तिला तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. बाबांनी आणि मी तिला घाबरवायचं नाही म्हणून ते तोंडातून काढलं नव्हतं. मग तिने मान हलवली. “डॉक्टरनं सांगतलं असतं मले. मी इथंच तं आहे, कुठं गेली? मले तं काहीच नाई सांगतलं. तू काय डॉक्टर आहे?”

मोडनेवाल्याने सांगून पाहिलं. नर्सने सांगितलं. बाबांनी लाकडाचं उदाहरण दिलं: नवी बिजागरी हलवली नाही तर गंजते. आई म्हणाली, स्टील गंजत नाही. बाबा गुण्या पुसायला लागले. आणि खरं सांगायचं तर आत नेमकं काय बसवलंय हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं! स्टील म्हणजे आमच्याच वस्तीने उठवलेली आवई. मी पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. चार धिक्कारांच्या जागी एकच मागणी: ‘माझ्या शरीरात काय बसवलं, ते मला, माझ्या भाषेत सांगा.’

सर्जनसाहेब आले त्या सकाळी बाबांच्या गुण्याने रोजचाच निकाल दिला होता. तांडा खाटेशी थांबला. ज्युनियर म्हणाला, “राइट नी सर. बेंड नाही.” साहेबांनी पाय उचलून पाहिला, थोडा दाबला, आणि आईकडे न बघता म्हणाले, “उद्या घ्या. गुंगी देऊन वाकवू.”

आईला तेवढी मराठी पुरली. तिने माझा हात पकडला. इतका घट्ट, की त्या बाईला भीती वाटू शकते हे मला हाडापर्यंत कळलं.

मी मधे उभी राहिले. “आधी तिच्या पायात काय बसवलंय ते तिला सांगा.”

“आपण कोण?”

“मुलगी.”

“मग बाहेर थांबा. राउंड चालू आहे.”

“थांबणार नाही. मराठीत सांगा. आणि मला नाही, तिला.”

मी पत्रक पुढे केलं. त्यांनी मथळा वाचला, खालचे दोन परिच्छेद वाचले आणि म्हणाले, “शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं.” माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. पण त्यांनी पत्रकाची घडी खिशात ठेवली आणि, कुणी सांगितलं नसताना, ते आईच्या खाटेच्या कडेवर बसले. तांडा चकित झाला. त्या कडेवर बहुधा ते कधी बसले नव्हते.

“हे बघा बाई,” ते म्हणाले, आणि एका हाताची मूठ दुसऱ्या तळहातावर ठेवून दाखवली. “तुमच्या मांडीच्या हाडाचं हे खालचं टोक झिजलं होतं. ते घासून त्यावर धातूची टोपी बसवली. खालच्या हाडावर धातूची बैठक. आणि दोघांच्या मध्ये, घसरायला म्हणून, प्लास्टिक.”

“काय?”

“प्लास्टिक. चांगलं टणक असतं ते.”

“प्लास्टिक?” आई कोपरांवर उठली. “माहा लेक तिकडं उन्हात वेल्डिंग करू करू मरून राहिला, अन् तुमी प्लास्टिक टाकलं? बालटीचं?”

“अहो, बादलीचं नाही! सगळीकडे असंच बसवतात—”

“आणि वाटी?” बाबांनी मधेच विचारलं.

“वाटी त्यांचीच आहे. चांगली होती, म्हणून आम्ही तशीच ठेवली.”

काकू त्या दिवशीही आलेल्या होत्या. त्यांचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला. “म्हंजे मी इतके दिवस,” आई सावकाश म्हणाली, “माही जुनीच वाटी जपून राहिली?”

“जपत होता?” सर्जनसाहेबांना काही समजेना.

“ते प्लास्टिक वापरलं तं फुटते का?”

“वापरण्यासाठीच बसवलंय, बाई. नुसतं ठेवलं तर भोवती आतून जाळं धरेल आणि पाय असाच राहील. चालायचं, वाकवायचं. फक्त खाली मांडी घालून बसायचं नाही.”

“मंग हे पयलेच काहून नाई सांगतलं गा? जिभेले का कुलूप होतं?”

ते गप्प बसले. मी त्यांच्याकडे पाहत होते. मला त्या गप्प बसण्यात जेवढं समाधान मिळालं तेवढं कुठल्याही मोर्चात मिळालेलं नाही.

प्लास्टिक कुणी फळीवर ठेवत नाही. आमच्या घरी प्लास्टिकचा मग होता, तो आपटायचा, लाथेने सरकवायचा, फुटला तर तारेने शिवायचा. आईने चादर फेकली. दोन्ही हातांनी गादीची कड धरली आणि उजवी टाच स्वतःकडे ओढायला लागली. पहिल्या झटक्याला ती ओरडली, आणि त्या ओरडण्यात गंमत काही नव्हती. तिचं तोंड पांढरं पडलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी म्हटलं, “राहू दे, हळू.” ती म्हणाली, “तू चूप!” टाच आणखी सरकली. तिने सर्जनसाहेबांना मेल्या म्हटलं, मोडनेवाल्याला मुडद्या म्हटलं, आणि पूर्ण शुद्धीत असताना सासूलाही एकदा हाक मारली. बाबा गुण्या घेऊन वाकले होते.

“फट?” सर्जनसाहेबांनी विचारलं. खरंच त्यांनी विचारलं; त्यांना तो शब्द कुणी सांगितला कोण जाणे.

“आहे,” बाबा म्हणाले. “पन आता मुंगीच जाईन.”

“मग उद्या गुंगी नको. रोज हेच करा. मी पुढच्या वेळी पाहतो.” ते उठले, कोटाच्या सुरकुत्या सरळ केल्या आणि ज्युनियरला म्हणाले, “नेक्स्ट.”

पलीकडच्या खाटेवर ती खुबा मोडलेली म्हातारी होती. ज्युनियरने कागद उचलला, तोंड उघडलं, पण तिने त्याला बोलू दिलं नाही. “ओ मोठे डॉक्टर,” ती म्हणाली, “इथंबी बसा थोडं. माह्या खुब्यात काय टाकलं गा? लोखंड का प्लास्टिक?”

तिच्यामागून खिडकीजवळची बाई, मग दाराजवळची. “आमचंबी सांगा.” सर्जनसाहेबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हातारीच्या खाटेवर बसले. आईने तोवर दोन्ही पाय खाटेखाली सोडले होते. दुखत असणार, कारण खालचा ओठ दातात धरलेला होता. पण ती वाकून, कान देऊन ऐकत होती, आणि मूठ नि तळहात पुन्हा सुरू झाले तेव्हा तिने सगळ्यांना दटावलं, “चूप बसा वं, ऐकू द्या. हिच्यात खिळा टाकला म्हनते.”